दुसरी गाडी घेण्याआधी पाच किलोमीटरचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदिरानगरला, ऑफिस त्र्यंबक रोडला, म्हणजे एका बाजूचं अंतर जेमतेम पाच किलोमीटर. घरातली कार मिस्टर अंबडला घेऊन जातात, तुम्ही स्कूटरवर. मुलगी आता आठवीत, शाळा आणि क्लास वेगवेगळ्या दिशांना, म्हणून दुसरी कार घ्यायचं चाललंय. त्याआधी तुम्ही विचारताय की नाशिकमध्ये रोजच्या कामांसाठी चालणं आणि सायकल खरंच जमतं, की ती रविवारची हौस आहे? ट्रॅफिक, घाम आणि 'लोक काय म्हणतील' ही तीन कारणंही तुम्हीच लिहिली आहेत.

मी सव्वीस वर्षं रस्त्यांचे आराखडे करण्यात आणि चौकाचौकात खुर्ची टाकून वाहनं मोजण्यात घालवली. त्यातली अठरा वर्षं कामाला सायकलवर गेलो. तेव्हा सांगतो, जमतं. पण ज्या रस्त्याने स्कूटर नेता त्याच रस्त्याने सायकल घातलीत तर आठवडाभरात ती गच्चीवर जाऊन पडेल. वाहन बदलायचं तर आधी रस्ता बदलायला लागतो. सायकल कुठली घ्यावी हे लोक मला तासभर विचारतात. कुठून जावं हे कोणी विचारत नाही.

पण ऑफिसपासून सुरुवात करूच नका. आधी एक आठवडा एका वहीत घरातल्या सगळ्यांच्या फेऱ्या लिहा. दूध, किराणा, मेडिकल, क्लास, बँक, शिंपी, देऊळ. प्रत्येकीपुढे अंदाजे अंतर. तुम्हीच चकित व्हाल. ज्या ज्या घरात मी हे करायला लावलं, तिथे गाडीच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या दोन किलोमीटरच्या आतल्या निघाल्या. किलोमीटरभर चालायला बारा मिनिटं लागतात, सायकलला चार-पाच. स्कूटर बाहेर काढा, हेल्मेट घाला, दुकानासमोर जागा शोधा, स्टँड लावा, यात तेवढीच जातात.

नाशिककरांची एक गंमत सांगतो. संध्याकाळी गोल्फ क्लबवर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन बाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघा. दीड-दोन किलोमीटर गाडी चालवत यायचं, मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या आणि परत गाडीत बसून घरी. वाटेत भाजी घ्यायची ती काच खाली करून. सायकलचंही तेच. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटरची. तेव्हापासून इथे सायकलला आणखी मान आला, पहाटे त्र्यंबक रस्त्याला हेल्मेटवाल्यांचे थवे दिसतात. पंढरपूरची सायकल वारीही निघते. आनंदच आहे. पण रविवारी शंभर किलोमीटर मारणारा माझा मित्र सोमवारी कोथिंबीर आणायला कार काढतो. आपल्या डोक्यात सायकल म्हणजे व्यायाम असं बसलंय. माझ्या लहानपणी सातपूरच्या कंपन्या सुटल्या की कॅरिअरला डबा लावलेल्या सायकलींची रांग लागायची. त्यांतला कोणी कॅलरी मोजत नव्हता.

आता चालण्याबद्दल. हा माझ्या धंद्यातला दुखरा विषय आहे, तेव्हा जरा लांबेल.

फूटपाथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात, तेव्हा 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' असं सर्रास म्हटलं जातं. एकदा इंदिरानगरच्या किंवा कॉलेज रोडच्या कुठल्याही फूटपाथवरून दोनशे मीटर चालून बघा, आणि किती वेळा उतरायला लागलं ते मोजा. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात म्हटलंय की चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. १५० मिलिमीटर म्हणजे घरातल्या जिन्याची एक पायरी. प्रत्यक्षात काही ठिकाणी ती गुडघ्याच्या दिशेने निघालेली असते. वर प्रत्येक बंगल्याच्या गेटसमोर फूटपाथ कापून उतार केलेला, मग पुन्हा चढ, मग विजेची डीपी, मग उसाच्या रसाचा गाडा. गुडघेदुखीच्या माणसाने दर पंधरा पावलांना चढउतार का करावी? तो खाली रस्त्याने चालतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याने फक्त एक करावं. फूटपाथ नसेल किंवा असून नसल्यासारखा असेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं. पाठीमागून येणाऱ्या गाडीवर विश्वास टाकायचं काही कारण नाही.

रस्ता ओलांडण्याचंही तसंच. सिग्नलची वेळ ठरवताना आम्ही माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतो. पंधरा मीटरचा रस्ता असेल तर साडेबारा सेकंद. तुमच्या सासूबाई त्या वेगाने चालत नाहीत, त्यांना अठरा-एकोणीस लागतात. म्हणजे हिरवा दिवा संपताना त्या मधोमध असतात आणि पलीकडची रांग ॲक्सिलरेटर पिळत असते. चूक त्यांच्या पायांची नाही, आमच्या कागदावरच्या आकड्याची आहे. म्हणून म्हातारं माणूस बरोबर असेल तर हिरवा दिवा आधीच लागलेला असताना कधीच पाऊल टाकू नका; तो जाऊ द्या, पुढचा लागल्या लागल्या निघा. सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्याचा हक्क पहिला, असं २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत स्पष्ट आहे. गाडीवाल्यांना ते माहीत नाही हेही स्पष्ट आहे. हात बाहेर काढून, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत, एका चालीत जायचं. पळायचं नाही, मध्येच मागे फिरायचं नाही. समोरच्याला तुमचा अंदाज आला की तो वेग कमी करतो. तुम्ही धावलात की त्याचा अंदाज चुकतो.

सायकलच्या रस्त्याकडे येतो.

माझा एकच निकष आहे, वेगातला फरक. तुम्ही ताशी तेरा-चौदा किलोमीटरने जाणार. कॉलनीतल्या रस्त्यावर गाड्या पंचवीसने जातात, म्हणजे फरक दहा-बाराचा. तेवढ्यात मागचा ब्रेक मारू शकतो, तुम्ही त्याचा हॉर्न ऐकून बाजूला होऊ शकता. हायवेच्या उड्डाणपुलावर तोच फरक साठ-सत्तरचा होतो. ताशी पन्नासने येणारी गाडी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात चौदा मीटर पुढे आलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. रस्ता किती रुंद, किती गुळगुळीत, यापेक्षा मी हे बघतो. रुंद गुळगुळीत रस्ता सायकलला बहुतेक वेळा वाईटच, कारण तिथे सगळे सुसाट असतात.

तुमच्या बाबतीत स्कूटरची सवय मुंबई नाक्यावरून जायची असणार. सायकलने मुंबई नाका विसरा. इंदिरानगरच्या आतल्या गल्ल्यांतून हायवेखालच्या बोगद्यापाशी या, बोगद्यातून गोविंदनगर, तिथून नासर्डीचा पूल ओलांडून तिडके कॉलनी, मग चांडक सर्कलकडून त्र्यंबक रोड. पुलानंतर छोटासा चढ लागतो, तिथे उतरून ढकललीत तरी काही बिघडत नाही. वाटेत झाडं आहेत, गाड्या कमी आहेत, आणि अंतर फार वाढत नाही. नकाशावरचा गाडीचा मार्ग बघू नका, चालण्याचा मार्ग लावा. तो आतल्या गल्ल्या दाखवतो.

या वाटेत खरी परीक्षा एकच, इंदिरानगरचा बोगदा. सकाळी साडेनऊ ते साडेदहा तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. दोन्ही सर्व्हिस रोडची वाहनं, बोगद्यातून आरपार जाणारी, आणि मध्ये प्रवासी घ्यायला थांबलेली रिक्षा. बॅरिकेड आज इथे, उद्या तिथे. सायकलवाल्याची चूक अशी होते की तो कडेला चिकटून, भिंतीला घासत आत शिरतो. मग रिक्षा त्याला दाबते आणि त्याला जायला जागाच उरत नाही. आत शिरण्याआधी दहा मीटरवर मागे वळून बघा, हात दाखवा आणि लेनच्या मधोमध या. बोगदा संपेपर्यंत मधेच राहा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्न वाजवतो म्हणजे त्याला तुम्ही दिसला आहात. दुसरं, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर गाडीवाल्याच्या डोळ्यांना दोन-तीन सेकंद अंधारी असते. म्हणून मागचा लाल लुकलुकता दिवा भर दिवसा चालू ठेवा. दीडशे-दोनशे रुपयांचा असतो, हेल्मेटच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू. आणि फारच गर्दी असेल तर सरळ उतरा आणि सायकल हातात धरून चालत पलीकडे जा. उतरल्या क्षणी तुम्ही पादचारी होता, ही सोय स्कूटरवाल्याला नाही. मी आजही द्वारका चौकात उतरतो. लाज वाटत नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर गाड्यांसारखं मधल्या लेनमध्ये घुसू नका. डाव्या कडेने सरळ पलीकडे जा, तिथल्या कोपऱ्यावर सायकल वळवून थांबा आणि दुसऱ्या बाजूच्या हिरव्या दिव्याबरोबर निघा. पाऊण मिनिट जास्त जातं.

एक अपघात झालाय मला, तो सांगितलाच पाहिजे कारण तो माझ्याच चुकीने झाला. कॉलेज रोडला उभ्या गाड्यांच्या रांगेला खेटून चाललो होतो, मनात कुठल्या तरी आराखड्याचे आकडे. एका गाडीचं दार उघडलं. दाराची कड हँडलला लागली, मी उजवीकडे फेकला गेलो आणि मागून येणारा दूधवाला जेमतेम थांबला. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. दार उघडणाऱ्याने बघायला हवं होतं, हे खरं. पण उभ्या गाडीपासून दाराएवढं अंतर, म्हणजे सव्वा मीटर तरी, सोडायचं हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. तेव्हापासून गाडीत कोणाचं डोकं दिसतंय का हे बघितल्याशिवाय मी रांगेजवळून जात नाही. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकल ट्रॅक आखला, पण त्यावर दुचाक्या उभ्या असतील तर हट्टाने त्यातून वळसे घेत जाऊ नका. ट्रॅकमध्ये आत-बाहेर करणारी सायकल सगळ्यात धोक्याची. सरळ रेषेत जाणारी सगळ्यांना कळते.

सायकल कुठली, याला दोन ओळी पुरेत. मडगार्ड, कॅरिअर, चेन कव्हर आणि स्टँड असलेली, सरळ बसता येईल अशी. या चारांशिवाय मिळणारी चकचकीत जाड टायरची गिअरवाली घेऊ नका, ती डोंगरासाठी आहे. सीटची उंची बघायला टाच खालच्या पॅडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे दहातले आठ जण सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणतात. हवा आठवड्यातून एकदा, किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. भाजीची पिशवी हँडलला अडकवायची नाही. वळताना ती पुढच्या चाकात जाते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. कॅरिअरला दोन्ही बाजूंना झोळी लावून घ्या. पंजाबी ड्रेसवर जाणार असाल तर ओढणी कमरेला गाठ मारून. चढाची फारच धास्ती असेल तर मोटर लावलेली सायकल बघा. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी पंचविसाच्या आत चालणारी असेल तर तिला ना नंबरप्लेट लागते ना लायसन्स.

घामाचं सांगतो. नाशिकला वर्षातले आठ-नऊ महिने सकाळी नऊला हवा बरी असते. घाम मुख्यतः दोन कारणांनी येतो, पाठीवरची सॅक आणि घाई. सॅक कॅरिअरवर बांधा. पाच किलोमीटरला तेवीस-चोवीस मिनिटं धरून निघा, शेवटची पाच मिनिटं मुद्दाम रेंगाळत जा, अंग निवतं. एक टॉवेल आणि एक जास्तीचा कुर्ता ऑफिसच्या कपाटात. एप्रिल-मेमध्ये दुपारी चालवू नका, एवढं साधं आहे. पावसाळ्यात पहिल्या सरीला जपायचं, कारण महिनोन्महिने सांडलेलं ऑइल तेव्हा वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे आणि चेंबरची लोखंडी झाकणं ओली असताना त्यांवर वळायचं नाही, ब्रेकही मारायचा नाही. चेंबरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने बसवलेल्या असतील तर चाक अडकतं. जाळी आडवी बसवायची हे ठेकेदाराला सांगून सांगून मी थकलो.

लोक काय म्हणतील? पहिल्या आठवड्यात विचारतील, 'गाडी बिघडली का?' हो म्हणा.

मुलीचं मात्र घाईने करू नका. शाळेचा रस्ता आधी तुम्ही दोघी चालत जा. मग दोन आठवडे दोघींनी सायकलवर, ती पुढे आणि तुम्ही मागे, जरा उजवीकडे, म्हणजे मागची गाडी आधी तुम्हाला टाळेल. घंटी, ब्रेक, वळणं ती पटकन शिकेल. शिकवायचा असतो तो एकच चौक, वाटेतला सगळ्यात वाईट. तिथे ती 'आता जाऊ का?' असं न विचारता चार वेळा बरोबर क्षणी निघाली की तुमचं काम झालं. रात्री साडेआठला सुटणारा क्लास असेल तर आणायला तुम्ही जा. ही तडजोड नाही, अंधारात सुसाट दुचाक्यांमध्ये मूल सोडायचं नसतं.

पैशांबद्दल लोक फुगवून सांगतात, मी सांगणार नाही. रोज दहा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे अडीचशे किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल तर साडेपाच लिटर पेट्रोल, सहाशेच्या आसपास वाचतील. कपडे धुण्याच्या पावडरीत शंभर जातील. खरी बचत न घेतलेल्या दुसऱ्या कारची आहे. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साडेचौदा हजार. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, आणि सोसायटीत दुसऱ्या पार्किंगवरून होणारी भांडणं. त्या हप्त्यात महिन्याला कितीही वेळा रिक्षा करा, पैसे उरतील.

आहे ती कार विका असं मी म्हणत नाही. माझ्याकडेही आहे. नाशिक रोड स्टेशनला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची तर मी नऊ-दहा किलोमीटर सायकल मारत जात नाही. रिक्षा करतो, आणि परतताना घाई नसली की सिटीलिंक. २०२१ मध्ये महापालिकेची ही बस सुरू झाल्यापासून लांबच्या फेऱ्यांना एक तिसरा पर्याय आला. थांब्यापर्यंत चालत, पुढे बस. द्वारकेपलीकडे काम असेल तर तुम्हालाही तेच सुचवीन. आजारी माणूस, गॅस सिलिंडर, धो धो पाऊस, रात्री दहानंतरचं लग्न, याला गाडी.

सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे जिथे तिथे खोदकाम आहे, तेव्हा आज सांगितलेली वाट महिन्याने बंद दिसली तर रागावू नका, शेजारची गल्ली शोधा. तक्रार करायची तर 'फूटपाथ वाईट आहेत' अशी करू नका, ती फायलीत जाते. 'अमुक मेडिकलसमोर चेंबरचं झाकण तीन इंच खाली आहे', फोटोसकट, आणि सोसायटीतल्या पाच जणांनी त्याच आठवड्यात. अशी तक्रार खालच्या इंजिनिअरला मिटवणं सोपं जातं, म्हणून तो मिटवतो. मी टेबलाच्या त्या बाजूलाही बसलोय.

येत्या रविवारी सकाळी सातला रिकाम्या रस्त्यांवर ऑफिसपर्यंत एकदा जाऊन या. घड्याळ लावू नका, फक्त कुठे भीती वाटली त्या जागा लक्षात ठेवा. दोन किंवा तीन निघतील. पुढच्या रविवारी त्या तीन जागा चालत बघा आणि वळसा शोधा. मग एखाद्या बुधवारी ऑफिसला न्या, सोमवारी नको, सोमवारी सगळेच वैतागलेले असतात. आणि हवा आदल्या रात्री भरून ठेवा. तुमच्या भागातला पंक्चरवाला सकाळी दहाच्या आत शटर उघडत असेल तर मला कळवा, आमच्याकडचा उघडत नाही.